बेज्जूरचं जंगल आणि पालारापूचा कडा

सह्याद्री पालथा घातलेल्या मंडळींनो, एकदा प्राणहितेच्या खोऱ्यात या! तेलंगणातलं बेज्जूर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून आसिफाबादमध्ये आहे. नदीपलीकडे आपलं गडचिरोली. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, पुढे सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते.

इथल्या सागाच्या जंगलातलं खरं वैभव म्हणजे पालारापूचा कडा. त्याच्या कपारींत लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आढळली आहेत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे देशभर गिधाडं संपत आली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे प्रत्येक घरटं मोलाचं. हिवाळ्यात वीण असते, तेव्हा दुर्बीण घ्या, लांबूनच पाहा. वनविभागाची परवानगी आधी काढा, ड्रोन अजिबात नको.