जयपूरचे पाऊल

चालताना टाच प्रथम जमिनीला टेकते, मग घोटा वाकतो आणि शेवटी चवडा शरीराला पुढे लोटतो. पाश्चात्त्य धर्तीच्या जुन्या कृत्रिम पावलाचा घोटा ताठ असे. ते बुटातच घालावे लागे. अनवाणी शेतात राबणाऱ्या, मांडी घालून जेवणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग? ही अडचण ओळखून १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी व कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर आणि लाकूड यांचे नवे पाऊल घडविले. त्यातील मऊ, सच्छिद्र रबर टाचेवरचा धक्का सोसते व चालीबरोबर लवते; बाहेरचे चिवट रबर चिखलपाण्याला दाद देत नाही. पाय गमावलेला शेतकरी ते लावून उकिडवा बसू शकतो आणि पुन्हा नांगरही धरू शकतो.