खोल पाण्याचे घड्याळ आणि आठशे मीटरची धाव

पुण्यात नुकताच नोकरीला लागलेला पुतण्या दिवाळीला हिंगोलीत आला. मोबाइलवरचे एका घड्याळाचे चित्र दाखवून म्हणाला, "काका, आजोबांच्याच कंपनीचं आहे. हप्त्यांवर घेऊ का?"

घड्याळ फेवर-ल्युबाचे होते. आमच्या वडिलांकडे त्याच नावाचे चावीचे घड्याळ होते. शेतात पाणी द्यायला जाताना ते काढून खुंटीला टांगत. 1737 सालापासूनचे हे स्विस नाव 2011 मध्ये टायटनने घेतले, 2023 मध्ये ते एथॉस समूहाकडे गेले. 1960च्या दशकातले त्यांचे 'सी-स्काय' घड्याळ 2024 मध्ये नव्या रूपात आले. पाणबुड्याचे घड्याळ आणि क्रोनोग्राफ, म्हणजे सेकंद मोजणारे स्टॉपवॉच, दोन्ही एकातच. किंमत मात्र लाखांत.

वाचकहो, असे घड्याळ कसे पारखावे? काचेभोवतीची कडी एकाच बाजूला, उलट दिशेने फिरली पाहिजे. पाण्यात धक्का लागून ती सरकली, तरी उरलेला वेळ कमीच दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. जीव वाचवणारी युक्ती ती हीच. अंधारात काटे वीतभर अंतरावरून स्पष्ट दिसले पाहिजेत. स्टॉपवॉचचा काटा बटण दाबताच बरोबर बारावर परतला पाहिजे. पाण्याखाली मात्र ही बटणे सहसा दाबायची नसतात.

साध्या घड्याळावर '30 मीटर' लिहिलेले असते, त्याने पुष्कळ जण फसतात. तेवढ्या खोल बुडी मारता येते, असा त्याचा अर्थ नाही. हात धुताना उडणारे पाणी किंवा पावसाचे शिंतोडे ते सोसेल, एवढेच. पाणबुड्याच्या घड्याळाला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान 100 मीटरची कसोटी लागते. आतले रबरी वॉशरही काळाने कडक होतात. ते तपासून बदलावे लागतात.

घड्याळ जातिवंत आहे, हे मी मान्य केले. मग विचारले, "बाळा, सिद्धेश्वर धरणात तू बुडी मारणार आहेस का?" तो हसला.

त्याची बहीण पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना 800 मीटर धावावे लागते आणि गुण सेकंदांवर ठरतात. ती पहाटे मैदानावर धावते, तेव्हा मैत्रीण मोबाइलवर अंदाजाने वेळ सांगते. काही शे रुपयांच्या डिजिटल घड्याळातही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारे स्टॉपवॉच असते.

भाऊबीजेला त्याने ते घड्याळ ओवाळणीत घातले. दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर जाऊन बटणही त्यानेच दाबले. पहिली नोंद वहीत उतरली आहे. ती आता तिलाच मागे टाकायची आहे.

वस्तू कितीही चांगली असो, घेण्याआधी एवढेच विचारावे: घरात तिची खरी गरज कोणाला आहे?