जुने दार का कुरकुरते?

मुलांनो, दिंडोरीकडच्या एखाद्या जुन्या घराचे किंवा ट्रॅक्टर ठेवण्याच्या शेडचे लाकडी दार नीट पाहा. पावसाळ्यात ते चौकटीत अडकते, उन्हाळ्यात त्याच्या फळ्यांत फटी पडतात आणि एक कोपरा जमिनीला घासतो. "आता पत्र्याचे दार बसवा," असे घरात कुणीतरी म्हणतेच. पण दार खरोखर निकामी झाले आहे का? त्याची तीन दुखणी आपण तपासू.

पहिले दुखणे फुगण्याचे. दमट हवेतील बाष्प लाकडाच्या पेशींच्या भिंतींत शिरते व त्या जाड होतात. ओलावा 5-6 टक्क्यांनी वाढला की सागाची फळी रुंदीत सुमारे 1 टक्का फुगते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणजे 100 सेंटिमीटर रुंदीचे दार सुमारे 1 सेंटिमीटर वाढते! म्हणून भर पावसात दाराला रंधा मारू नये. उन्हाळ्यात ते आक्रसले की तेवढीच फट राहील.

दुसरे दुखणे कोपरा खाली येण्याचे. एक प्रयोग करा. चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन बनवा. ढकलताच तो तिरपा होईल. आता कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाचवी पट्टी लावा. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले आणि तो हलेनासा झाला! कारण बाजूंची लांबी न बदलता त्रिकोणाचा आकार बदलत नाही. दारालाही हाच उपाय. खाली पाचर ठोकून कोपरा उचला. सैल स्क्रूंच्या भोकांत सरस लावलेल्या लाकडी खुंट्या ठोका आणि सरस वाळल्यावर बिजागऱ्या पुन्हा घट्ट बसवा. मग बिजागरीकडील खालच्या कोपऱ्यापासून मोकळ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी लाकडी पट्टी मारा. दाराचा भार या पट्टीतून खालच्या बिजागरीकडे जाईल.

तिसरे दुखणे कुजण्याचे. झाड जिवंत असताना ज्या सूक्ष्म नळ्यांतून पाणी वर चढत असे, त्यांची तोंडे फळीच्या टोकाला उघडी असतात. पावसाचे शिंतोडे तिथूनच आत शोषले जातात. ओलावा 20 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशी लाकूड खाऊ लागते. स्क्रूड्रायव्हरचे टोक खुपसून पाहा. खालचा वीतभर भागच मऊ लागला, तर तेवढा कापून नवा तुकडा जोडता येतो. मात्र चौकटीचे उभे लाकूडच वरपर्यंत पोकळ झाले असेल, तर दार बदलणेच बरे.

शेवटी रंग. तो उन्हाळ्यात, लाकूड कोरडे असताना द्यावा आणि फळ्यांच्या खालच्या टोकांना विसरू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून घासण्यापूर्वी तो ओला करावा व नाकातोंडाला मास्क लावावा. जड दार उचलताना मोठ्या माणसांची मदत घ्याच.