शुक्रवार, छत्तीस फोटो

पहाटे ५

कॅलेंडरात आज अष्टमी. आठाचा पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशोब आजोबांनी शिकवला. उरणजवळच्या मोऱ्याला राहून ज्याला मुंबईत भाऊच्या धक्क्याला जायचंय, त्याला तो यायलाच हवा. आमच्या जेट्टीपुढे एवढा गाळ साचतो की उधाणाच्या ओहोटीला लाँच लागत नाही, माणसं ताटकळत बसतात. आज भांगाची भरती आहे, पाणी फार ओसरणार नाही. जाणंही बिनघोर आणि येणंही.

आठवडाभर मी एका कंटेनर यार्डाच्या गेटवर गाड्यांच्या नोंदी करतो. साप्ताहिक सुट्टी मुद्दाम शुक्रवारची मागून घेतली, कारण शुक्रवारी चोरबाजारात जुमा बाजार भरतो.

रोल घरीच भरतो, ट्यूबलाइटखाली, घाई न करता. माझा कॅमेरा पेंटॅक्स के-१०००. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हे मॉडेल बनत होतं. त्यात सेल लागतो तो फक्त मीटरला, शटर स्प्रिंगवर चालतं. रोलची जीभ उजव्या चकतीच्या खाचेत घालायची, दोन्ही कडांची भोकं दातांवर बसली का पाहायचं, झाकण लावायचं आणि लिव्हर ओढताना डावीकडची मूठ फिरते का ते बघायचं. ही मूठ फिरली नाही तर रोल आत जागचा हललेलाच नसतो. सुरुवातीला हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चुलत बहिणीची अख्खी हळद मी टिपली. छत्तीस झाले, सदतीस झाले, अडतीस झाले, आणि रोल काही संपेना. उघडून पाहिलं तर जीभ सुटलेली. त्या रात्रीचा माझ्या हातचा एकही फोटो नाही. बहीण काही बोलली नाही, पण मला अजून लागून राहिलंय.

६ ते ७

लाँचमध्ये उजव्या बाजूला बसतो. अंधारात आधी घारापुरीचा काळा उंचवटा, मग जवाहर द्वीपाचे दिवे. मागे न्हावा-शेव्याच्या क्रेनांच्या पलीकडे उजाडायला लागतं. चारशेचा रोल, भिंग पूर्ण उघडं एफ/२ वर, शटर एक तीसांश. इथली खुबी एवढीच की कठड्याला टेकायचं नाही. डिझेल इंजिनाची थरथर कठड्यातून कोपरात आणि कोपरातून फोटोत येते. गुडघे सैल सोडून मधोमध उभं राहायचं, श्वास सोडायचा आणि बटण दाबायचं. दोन फोटो काढतो, तिसऱ्याचा मोह आवरतो. रोल आणि केमिकलचा खर्च धरला की एकेक फोटो मोजूनच काढावा लागतो. या मोजण्यानेच मला बघायला शिकवलं, असं माझं ठाम मत आहे.

साडेसात

डॉकयार्ड रोडवरून चालत चोरबाजार. पहाटेच्या अंधारात बॅटरीच्या झोतात चालणारा बाजार मला कधीच गाठता येत नाही, पण कॅमेरे उशिरापर्यंत असतात. चार्जर, नळ, घड्याळं यांच्या मधे ते पडलेले असतात.

आज एका चादरीवर यशिका इलेक्ट्रो ३५ होता. लेदरच्या केसमध्ये, क्रोम आरशासारखं. हात लगेच पुढे गेला. या मॉडेलचं शटर सेलवर चालतं, म्हणून आधी सेलचा कप्पा उघडला. आत हिरवट काही नाही, ठीक. मग मोबाइलची बॅटरी भिंगावर तिरकी धरली. सरळ धरली तर दोष दिसत नाही, तिरकीच धरावी लागते. कडेपासून आत येणारे बारीक पांढरे धागे दिसले, कोळिष्टकासारखे फुटत गेलेले. बुरशी! ती नुसती वर बसत नाही, जुनी झाली की काचेवरचा लेप खाते, आणि मग भिंग खोलून पुसलं तरी डाग राहतो. केस हुंगली, ओल्या पोत्याचा वास आला. कोणीतरी जपून, केसमध्ये बंद करून, वर्षानुवर्षं कपाटात ठेवलेला हा कॅमेरा. जपण्यानेच गेला.

“चाचा, फंगस है,” म्हणत खाली ठेवला.

शेजारी यशिका एमएफ-२ पडला होता, कोपरा चेपलेला, पट्टा तुटलेला. पण भिंग स्वच्छ. मी खिशात नेहमी दोन पेन्सिल सेल ठेवतो. ते घालताच फ्लॅशची बारीक शिटी वाजायला लागली आणि नारिंगी दिवा लागला. ज्यांचं लहानपण नव्वदीत गेलं, त्यांना हा आवाज ओळखीचा आहे. मागचं झाकण उघडलं. कडेचा काळा फोम विरघळून डांबरासारखा बोटाला लागला. तो स्पिरिटने खरवडून नवी पट्टी चिकटवता येते, अर्ध्या तासाचं काम. घासाघीस करून घेतला. यार्डातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीला शिकायचंय, तिच्यासाठी.

११

फोर्टात बोरा बाजार. कॅमेऱ्यांची दुकानं अजून आहेत, दुरुस्तीवाले मात्र कमी झाले. माझ्या दुसऱ्या भिंगाची कडी घट्ट झाली होती, ती सोडवून घेतली. कारागीर काम करत असताना बोलायचं नाही, हा माझा नियम.

याच भागाच्या आसपास आपल्याकडच्या फोटोग्राफीचा आरंभ आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळात फोटो काढणाऱ्या पहिल्या मराठी माणसांपैकी. १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन आणि हेंडरसन यांनी मुंबईतून छायाचित्रांचा जो संग्रह काढला, त्याच्या नावातच ‘अमॅच्युअर’ शब्द आहे. म्हणजे हौशी माणूस या कलेत पहिल्यापासून आहे, मागून घुसलेला नाही. साठच्या दशकात उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना निघाला, तिथला ‘इंदू’ रोल घरोघरच्या कॅमेऱ्यांत गेला. तो कारखाना आता बंद आहे. आपण बाहेरून आलेले रोल विकत घेतो.

दुपार

परतीची लाँच, जेवण, झोप. डोक्यावरच्या उन्हात मी फोटो काढत नाही.

४

कोळीवाडा. नौदलाच्या हद्दीकडे ‘फोटो काढण्यास मनाई’ असे फलक आहेत, तिकडे कॅमेरा पिशवीतून काढायचाच नाही. इकडे जेट्टीजवळ एक काका जाळं दुरुस्त करत बसतात. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवून ताणलेली, उजव्या हातात प्लास्टिकची सुई, डाव्या हाताच्या दोन बोटांवर फासाचं माप. सुई वरून जाते, वळसा घेते, गाठ आवळली जाते. काकांची नजर मात्र खाडीवर असते.

मागचं पाणी इतकं चमकतं की मीटर फसतो. त्याचं ऐकलं तर काकांचा चेहरा कोळसा होतो. म्हणून आपलाच तळहात त्याच उन्हात धरून मीटर बघायचा आणि एक स्टॉप वाढवायचा.

“मागचे फोटू कवा देनार रं?” काकांनी विचारलं.

पिशवीतून पाकीट काढून दिलं. त्यांनी हात लुंगीला पुसले, कडेने धरून फोटो बघितला आणि आत काकूंना हाक मारली. प्रिंट काढून हातात दिल्याशिवाय त्या माणसाचा दुसरा फोटो काढायचा नाही, हे मी पाळतो.

आजचा छत्तिसावा फोटो काकूंनी फोटो उजेडात धरलेला.

८ ते साडेदहा

काळ्या पिशवीत हात घालून रोल चाचपडत रिळावर चढवतो. पावडरीचं डी-७६ एकास एक पाण्यात. नळाचं पाणी अठ्ठावीस अंशांवर, मला हवं वीस. घमेल्यात बर्फ, त्यात बाटली, थर्मामीटरवर डोळा. मग अकरा मिनिटं, दर मिनिटाला दहा सेकंद डबा उलटसुलट. पाण्याने धुणं, फिक्सर, पुन्हा धुणं.

न्हाणीघराच्या दोरीला रोल टांगला. पंखा बंद, नाहीतर धूळ बसते. खाऱ्या दमट हवेत वाळायला तीन तास लागतील. ओल्या पट्टीवर काकूंचा चेहरा काळा आणि हातातला फोटो पांढरा-काळा उलटा. सगळे छत्तीस आले आहेत.

कॅमेरा पुसून डब्यात ठेवला. पापडाचा घट्ट झाकणाचा डबा, तळाशी सिलिका जेलची निळी खडी. ती गुलाबी झाली की तव्यावर मंद भाजून पुन्हा निळी करून घेतो. भिंगांना दर आठवड्याला उजेड आणि हवा मिळते, म्हणून समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहूनही अजून एकालाही बुरशी लागलेली नाही.

उरणपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत वडिलांचा नाहीतर काकांचा कॅमेरा माळ्यावर असेल. आग्फा क्लिक थ्री असेल, यशिका असेल. उद्या तो खाली उतरवा. सेल आत असतील तर काढा, लेदरच्या केसमधून कॅमेरा बाहेर घ्या आणि भिंगावर बॅटरी तिरकी धरून बघा. धागे दिसले नाहीत, तर पावसाळ्याच्या आत त्यात एक रोल भरा.