विद्यार्थ्यांचे संगणक प्रकल्प आणि श्रमांचे अंदाजपत्रक

श्रम आणि शिक्षण यांची सांगड घालणाऱ्या विचाराची वर्धा ही भूमी होय. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा अभ्यासक्रम आखला. त्यात साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी राखून ठेवलेली होती. कामासाठी लागणारा वेळ आधी ठरविण्याची ही दृष्टी आजच्या संगणक प्रकल्पांनाही उपयुक्त आहे.

सेवाग्राम येथे १९८३ पासून अभियांत्रिकी शिक्षणाची सोय आहे. संगणकशास्त्राच्या अंतिम वर्षात विद्यार्थ्यांचा गट एखादा सॉफ्टवेअर प्रकल्प तयार करतो. असे प्रकल्प बहुधा बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे, तर वेळेचा अंदाज चुकल्यामुळे रखडतात.

तासांचा हिशेब

समजा, हिंगणघाटच्या बाजारातील कापसाच्या आवकेची नोंद ठेवणारा प्रकल्प चौघांनी हाती घेतला. प्रत्येकी आठवड्याला ६ तास धरल्यास १४ आठवड्यांत ३३६ तास होतात. परीक्षा व सणांचे दोन आठवडे वजा जाता उरतात २८८. अमेरिकी तज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये सुचविलेल्या वाटणीनुसार यातील एक तृतीयांश, म्हणजे ९६ तास आखणीला, ४८ तास आज्ञावली लिहिण्यास आणि उरलेले १४४ तास चाचणीला द्यावयास हवेत. विद्यार्थी नेमके चाचणीलाच विसरतात.

प्रत्येक उपकामासाठी तीन अंदाज घ्यावेत. आवक-पावतीचे काम सारे सुरळीत झाल्यास १० तासांत, सामान्यतः १६ तासांत, तर अडचणी आल्यास ४० तासांत होईल असे मानू. मधल्या आकड्याची चौपट करून त्यात उरलेले दोन मिळवावेत व सहाने भागावे. उत्तर १९ तास येते. १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रकल्पासाठी विकसित झालेल्या ‘पर्ट’ पद्धतीतील हे सूत्र होय.

माणसे वाढविणे हा उपाय नव्हे

काम मागे पडले की गटात आणखी दोघे घ्यावेत, असे वाटणे साहजिक आहे. परंतु चौघांमध्ये परस्परसंपर्काच्या ६ जोड्या असतात, तर सहा जणांमध्ये १५. नवागतांना समजावून सांगण्यातही जुन्यांचा वेळ खर्च होतो.

त्यापेक्षा दर आठवड्यास अंदाजित व प्रत्यक्ष तास वहीत समोरासमोर नोंदवावेत. तफावत वाढू लागताच मार्गदर्शक प्राध्यापकांच्या संमतीने प्रकल्पाची व्याप्ती कमी करावी. अखेरच्या रात्री तयार प्रकल्प विकत आणण्यापेक्षा स्वतः पूर्ण केलेला लहान प्रकल्प विद्यार्थ्याला अधिक शिकवितो.