अंबाडा असावा, पण सैल

केस बांधणे ही गोष्ट वरवर पाहता क्षुल्लक वाटते. परंतु अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांचा इतिहास पाहिला, म्हणजे ती तशी नाही हे ध्यानी येते. १७८६ साली लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर मिरो याने तेथील दास्यमुक्त कृष्णवर्णीय स्त्रियांनी आपले केस रुमालाखाली झाकावेत, असा हुकूम काढला. पुढेही सरळ, चापून बसवलेले केस तेवढेच नीटनेटके, ही समजूत शाळांत व कचेऱ्यांत दीर्घकाळ टिकली. केसांच्या ठेवणीवरून कोणास शाळेत वा नोकरीत वेगळे वागवू नये, असा कायदा कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली प्रथम केला.

या स्त्रियांचे केस मुळापासूनच वेटोळे घेत वाढतात. त्यामुळे टाळूवरील नैसर्गिक तेल टोकापर्यंत उतरत नाही. केस कोरडे राहतात व वळणावळणाशी तुटतात. टोके आत दडवून बांधलेला अंबाडा त्यांस ओढाताणीपासून व घर्षणापासून राखतो. नैसर्गिक केस न बदलता सांभाळण्याची ही मोठी सोय होय.

तथापि तो बांधण्याची रीत जाणून घेतली पाहिजे. कोरड्या केसांत फणी घालू नये. ते पाण्याने व कंडिशनरने ओलसर करावेत, त्यांचे चार भाग करावेत, आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून मुळांकडे हळूहळू गुंता सोडवावा. टोकांना किंचित तेल लावून केस हलक्या हाताने गोळा करावेत. नुसते रबर न वापरता कापड गुंडाळलेला बंद घ्यावा. रात्री साटीनचा रुमाल बांधावा. काही दिवसांनी अंबाडा सोडून केसांस विश्रांती द्यावी व पुढील खेपेस त्याची जागा बदलावी.

खरा धोका आहे तो ताणाचा. घट्ट बांधलेल्या केसांमुळे कपाळालगतचे केस गळतात, हे ग्रीनलंडमधील स्त्रियांच्या बाबतीत १९०७ सालीच नोंदले गेले. प्रथम टाळू दुखते, केसांच्या कडेला बारीक पुटकुळ्या येतात, कानशिलावरील केस विरळ होतात. एवढ्यावर ताण थांबवला, तर केस बहुधा परत येतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, तर मूळच नष्ट होते आणि मग केस आपसूक परत येत नाहीत.

ताणाचा हा नियम सर्व केसांस सारखाच लागू आहे. आपल्याकडेही शाळेची घाई असते, आणि डोळ्यांच्या कडा ताणल्या जातील इतक्या घट्ट वेण्या घालून मुलीला "जरा सोस" म्हटले जाते. आमच्या वाचक माताभगिनींस आम्ही एवढेच विनवितो की, मुलीच्या तक्रारीस हट्ट समजू नये. केस बांधल्यावर तिला भुवया वर करावयास सांगावे. कपाळ ओढल्यासारखे वाटते असे ती म्हणाली, तर केस तत्काळ सोडून पुन्हा सैल बांधावेत. दोन बटा सुटून आल्या तरी चालतील.