प्लास्टिक पिशवीबंदीला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं नेमकं काय आहे?

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पोखर्णी नृसिंह नावाचं स्टेशन आहे. गावातल्या नृसिंह मंदिरामुळे स्टेशनलाही तेच नाव मिळालं. अशा कुठल्याही देवस्थानाबाहेर नारळ, फुलं, पेढे विकणाऱ्याला प्लास्टिकबंदीबद्दल विचारून बघा. पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गिऱ्हाईक रिकाम्या हातानं येतंय, त्याला आम्ही कशात बांधून द्यायचं?"

व्हॉट्सअपवर या प्रश्नाची दोनच उत्तरं फिरतात. एक म्हणजे "हे पर्यावरणाचे शत्रू" आणि दुसरं म्हणजे "बंदी हा निव्वळ वसुलीचा धंदा". विषय या दोन्हींपेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे.

आधी कायदा काय सांगतो ते बघू. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ ला अधिसूचना काढली. तिच्यामागे २००६ चा अविघटनशील कचरा नियंत्रणाचा कायदा होता. लोकांना तीन महिन्यांची मुदत दिली आणि २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद. कारवाईचे अधिकार महापालिकेपुरते नाहीत, ते तहसीलदार, तलाठी, ग्रामसेवक यांच्यापर्यंत आहेत. ही बंदी राज्याची असल्यामुळे एखाद्या ग्रामपंचायतीने उलटा ठराव केला तरी ती उठत नाही.

विरोध तेव्हाही झाला. प्लास्टिक उत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०१८ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. रियाझ छागला यांच्या खंडपीठाने स्थगिती द्यायला नकार दिला. व्यापाऱ्यांचा आवाज मात्र काही प्रमाणात ऐकला गेला. कारवाई सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच सरकारने वाणसामान बांधण्यासाठी ५० मायक्रॉनपेक्षा जाड प्लास्टिकला अटींसह सवलत जाहीर केली. हातात धरून न्यायची पिशवी बंदच राहिली.

आता विरोधकांचे मुद्दे. पहिला मुद्दा दंडाचा, आणि माझ्या मते तो सगळ्यात खरा आहे. मोठ्या शोरूमला ५,००० रुपये म्हणजे एका बिलाची रक्कम. पाटी घेऊन बसलेल्या भाजीवालीचं त्यात अख्खं भांडवल जातं. शिवाय तिच्या शेजारच्या दुकानात वेफर्सची पाकिटं तोरणासारखी लटकलेली असतात, ती मात्र कायद्यात बसतात. कारखान्यातच माल भरून येणाऱ्या वेष्टनाला सूट आहे. कचरा दोघांचाही होतो, पण पावती एकीचीच फाटते.

दुसरा मुद्दा पर्यायाचा. "कंपोस्ट होणारी" म्हणून विकली जाणारी पिशवी दिसायला प्लास्टिकसारखीच असते. ती खरी की बनावट, हे दुकानदाराला हात लावून कळत नाही. आणि खरी असली तरी ती नीट कुजायला कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता लागते. नालीत पडून ती सहजासहजी कुजत नाही.

तिसरा मुद्दा ऐकून अनेकांना धक्का बसतो. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशेब मांडला होता. तापमानवाढीच्या बाबतीत पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायची तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. कापूस पिकवायला पाणी, खत, फवारणी लागते, हे परभणीच्या कापूसवाल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात असंही दिसलं की दुकानातल्या पिशव्या बंद झाल्यावर लोकांनी कचऱ्यासाठी प्लास्टिक पिशव्या विकत घेतल्या. वाचलेल्या प्लास्टिकपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त असं परत आलं.

मग बंदी चुकीचीच म्हणायची का? इथे विरोधकांचा हिशेब थोडा घसरतो. १३१ चा आकडा कार्बनचा आहे. उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या पोटात किती पिशव्या गेल्या, हे त्यात मोजलेलं नाही. तुंबलेल्या नाल्यांचंही तसंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कुठलंच शहर सहज पचवू शकलं नसतं हे खरं, पण नाले अडवणाऱ्यांमध्ये प्लास्टिकच्या पिशव्याही होत्या. त्यानंतर राज्यात पातळ पिशव्यांवरचे निर्बंध कडक झाले.

आणि तो १३१ चा हिशेब नव्या कापडाचा आहे. जुन्या लुगड्याच्या, पँटच्या कापडाच्या शिवलेल्या पिशवीला तो लागू होत नाही, कारण तो कापूस कधीच वापरून झालाय. बाजाराला जाताना खुंटीवरची पिशवी घेऊन निघणाऱ्या आपल्या आजीने ब्रिटिश अहवाल न वाचताच हे गणित सोडवलं होतं.

त्यामुळे विरोध करायचाच असेल तर तो पिशवी परत आणण्यासाठी करण्यात फारसा दम नाही. दंड दुकानाच्या आकारानुसार असावा, छापा किरकोळ विक्रेत्याआधी पिशव्या बनवणाऱ्या कारखान्यावर पडावा, या मागण्यांमध्ये दम आहे.

जाता जाता एक गैरसमज. केंद्राच्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवी किमान १२० मायक्रॉन जाड हवी. त्यावरून "१२० ची चालते" असं सांगून माल विकला जातो. महाराष्ट्राच्या २०१८ च्या बंदीत कॅरीबॅगला जाडीची सूट नाही. ठोक विक्रेत्याने तसं सांगितलं, तरी दंडाची पावती दुकानदाराच्याच नावाने फाटू शकते.